परराष्ट्र राज्यमंत्री आपल्या कामाला कधी येतो?

सोलापुरात नई जिंदगी असो की विजापूर वेस, आखातात कामाला गेलेला कुणी ना कुणी ओळखीत असतोच. तिकडे पगार अडकला, कफीलने पासपोर्ट ठेवून घेतला, किंवा अल्लाह न करो, मय्यतच अडकली, की घरचे आधी नगरसेवकाकडे धावतात. तो बिचारा काय करणार? हा विषय दिल्लीतल्या परराष्ट्र मंत्रालयाचा.

या मंत्रालयात कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली राज्यमंत्री असतात. सध्या कीर्तिवर्धन सिंह आणि पवित्र मार्गरिटा आहेत. धोरण ठरवणं त्यांच्या हातात फारसं नसतं, ते पंतप्रधान आणि एस. जयशंकर पाहतात. म्हणून ‘नावाचा मंत्री’ अशी थट्टाही होते. पण संकटात परदेशी धावतो तो बहुतेक वेळा हाच. 2004 मध्ये इराकमध्ये तीन भारतीय ट्रकचालक ओलीस धरले गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेचं काम मुस्लिम लीगचे ई. अहमद यांनी सांभाळलं. चालक सुखरूप सुटले. 2015 मध्ये येमेनमधून भारतीयांना बाहेर काढायला व्ही. के. सिंह जिबुतीत जाऊन बसले होते. 2024 च्या जूनमध्ये कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. कीर्तिवर्धन सिंह शपथ घेऊन चार दिवसही झाले नव्हते, ते तिकडे गेले. हवाई दलाच्या विमानातून 45 भारतीयांचे मृतदेह मायदेशी आले.

आता खरी अडचण. 45 जण एकदम गेले तर मंत्री विमान घेऊन जातो. एकटा ड्रायव्हर रियाधमध्ये हार्ट अटॅकने गेला तर? त्याच्यासाठी कॅमेरेही नसतात. तिथे घरच्यांनाच पाठपुरावा करावा लागतो. 2015 पासून मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, त्यावर तक्रार टाकून नंबर जपून ठेवावा. आणि जाण्याआधीच एजंटाकडे सरकारी परवाना आहे का ते बघावं; त्याला 30 हजार रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, त्यांना आखातात नोकरीला जाताना सरकारी मंजुरी आणि 10 लाखांचा विमा लागतो. व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट हे दोन्ही चुकवतो.

(हजचं काम मात्र 2016 पासून अल्पसंख्याक मंत्रालयाकडे आहे. लोक अजून गोंधळतात. जेद्दाहचा वाणिज्य दूतावास परराष्ट्र खात्याचाच.)

राज्यमंत्र्याचं आणखी एक काम बातमीत येत नाही. संसदेत खासदारांनी विचारलेल्या प्रश्नांना या खात्याची लेखी उत्तरं बहुतेक राज्यमंत्रीच देतो, आणि ती नोंदीत राहतात. आपल्या खासदार प्रणिती शिंदे यांच्याकडे निवेदन देताना नुसतं ‘लक्ष घाला’ म्हणू नका. एवढंच विचारायला सांगा: सोलापूर जिल्ह्यातून आखाताबाबत ‘मदद’वर किती तक्रारी आल्या, किती पगार मिळवून दिले आणि मय्यत घरी यायला सरासरी किती दिवस लागले?