नाम उसने चालेल, क्रियापद आपले हवे

सीमेपलीकडील मराठीचा विचार आपण बहुधा शाळा, पाट्या आणि सरकारी कागदपत्रे यांपाशीच थांबवतो. परंतु भाषेचे जगणे-मरणे हाताच्या कामातही ठरत असते. सुरत हे त्याचे ठळक उदाहरण होय. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य विभागले गेले आणि सुरत गुजरातेत राहिली. तथापि उधना–जळगाव लोहमार्गाने खान्देशातून येणारा माणसांचा ओघ थांबला नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आजही मराठी आणि अहिराणी ऐकू येते. महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते.

या वस्त्यांतील असंख्य माणसे यंत्रमागावर राबली. तुटलेला धागा 'सांधणे' हा शब्द त्यांना कोशातून शिकावा लागला नाही. आता घरोघर, दुकानोदुकानी ऑप्टिकल फायबर पोहोचवण्याचे काम आले आहे. हेही धाग्याचेच काम. फक्त धागा काचेचा आहे. त्याची जाडी १२५ मायक्रॉन आणि ज्यातून प्रकाश धावतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. वरचे लेपन सोलायचे, तंतू अल्कोहोलने पुसायचा, टोक काटकोनात छेदायचे, दोन टोके यंत्रात समोरासमोर जुळवायची, विजेच्या ठिणगीने वितळवून सांधायची आणि सांध्यावर संरक्षक नळी चढवायची. 'स्प्लायसिंग' म्हणतात ते हेच. यातील एकाही क्रियेसाठी मराठीला नवा शब्द घडवावा लागत नाही.

येथे आमची भूमिका स्पष्ट असावी. 'प्रकाशीय तंतू' कोशात शोभतो. खांबावर चढलेल्या कामगाराने तो उच्चारावा असा आमचा आग्रह नाही. फायबर, कनेक्टर, स्प्लायसर ही नामे खुशाल राहोत. मराठीने फारसीतून 'कागद' घेतला, पोर्तुगीजांकडून 'चावी' घेतली आणि दोहोंना आपले विभक्तिप्रत्यय लावून घरचे केले. नाम उसने घेतल्याने भाषा दरिद्री होत नाही. मात्र 'सोलणे' जाऊन 'स्ट्रिप करणे', 'छेदणे' जाऊन 'क्लीव्ह करणे' आले की मराठीच्या वाट्याला केवळ 'करणे' उरते. मग आपली भाषा त्या कामाचे वर्णन करीत नाही, केवळ हमालाप्रमाणे परके शब्द वाहून नेते.

हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाही. फायबरमधून जाणारा प्रकाश अवरक्त असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. म्हणून जोडलेल्या फायबरच्या टोकात डोकावू नये. छेदलेल्या काचेचे तुकडे बोटात शिरले तर सहज सापडत नाहीत. ते झाकणाच्या डबीतच टाकावेत. बारा तंतूंचा रंगक्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असा सुरू होतो आणि पाचवा रंग 'स्लेट' म्हणजे आपला पाटीचा राखाडी. चोवीस तंतूंच्या केबलमध्ये बारा-बारांच्या दोन नळ्या असल्या, तर तेरावा तंतू पुन्हा निळाच, पण नारिंगी नळीतला. हे नीट उमगले नाही तर एकाची जोडणी दुसऱ्याच्या घरी जाते. अशा सूचना अर्धवट कळलेल्या भाषेत पाठ करणे धोक्याचे आहे.

कोणी म्हणेल, परीक्षा, यंत्राचा पडदा आणि मुकादम यांची भाषा वेगळी असताना मराठीचा हट्ट कशाला? गुजराती, हिंदी, इंग्रजी अवश्य शिकावी. पोटासाठी आणि शेजारधर्मासाठीही. परंतु काम आधी समजले पाहिजे, आणि समज मातृभाषेत लवकर येते. घरी अहिराणी बोलणाऱ्याला ती अहिराणीत मिळाली तर अधिकच बरे.

म्हणून सुरतेतील मराठी मंडळांना आमची विनंती आहे. गणेशोत्सव आणि शिवजयंती दिमाखात होतातच. त्यांच्या जोडीने या कामातील अनुभवी कारागिरांना एकत्र बसवून दोन पानांचे एक पत्रक सिद्ध करावे. एका पानावर कामाच्या पायऱ्या व रंगक्रम, दुसऱ्यावर धोक्याच्या सूचना. शब्द त्यांच्या तोंडचेच असावेत; आम्ही शुद्धलेखन तेवढे पाहू. ते पत्रक नंदुरबारमध्ये वापरता येईल, तसेच बेळगावातही. सीमा ओलांडायला त्या दोन पानांना कोणत्याही आयोगाची अनुमती लागणार नाही.