दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोकणचा दर्या हे दोन शब्द एकदा कागदावर लिहून पाहा. 'दऱ्या'मधला र पापणीसारखा आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. 'दर्या'मधला र रफार होऊन डोक्यावर बसतो. आचार्यांना वंदन करावे आणि आचाऱ्यांना जेवणाला किती वेळ आहे ते विचारावे. उलट झाले तर पंचाईत! हा फरक तुम्हाला गुरुजींनी शिकवला. पण संगणकाला तो कोणी शिकवला, याचा विचार कधी केला आहे काय?

संगणकाच्या स्मृतीत अक्षरांची चित्रे नसतात, क्रमांक असतात. युनिकोड या जागतिक संकेतात 'र' ला एक क्रमांक आहे आणि 'ऱ' ला दुसरा. हे क्रमांक उच्चाराच्या क्रमाने साठवले जातात. 'कि' या अक्षरात आधी 'क' चा क्रमांक येतो, मग वेलांटीचा. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. रफाराचेही तसेच. साठवताना तो 'य' च्या आधी येतो, दिसताना 'य' च्या डोक्यावर जातो. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवणारा कंपॉझिटर ही मांडणी हाताने करी. आता ती एक आज्ञावली करते.

अशा आज्ञावलींपैकी फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक म्हणजे हार्फबझ. क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझर, लिबरऑफिस, अँड्रॉइडवर चालणारे फोन या सर्वांत ती आहे. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, त्यात दुरुस्ती करून ती पाठवता येते. अनेक देशांतील माणसांनी तिला हातभार लावला आहे. पण जेथे हात पुष्कळ, तेथे एक अडचण हमखास येते. देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या नऊ लिप्यांचे काम हार्फबझमध्ये मुख्यतः एकाच विभागाकडे आहे. समजा, दूरच्या देशातल्या एका सद्गृहस्थाने मल्याळममधली एक चूक सुधारली. सुधारणा योग्यच आहे. पण तिच्यामुळे आपल्या दऱ्यांचा दर्या झाला तर? त्या गृहस्थाला मराठी येत नाही. त्याला हे कळणार कसे?

त्याला कळावे यासाठी जी व्यवस्था असते, तिला 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणतात. आपण तिला सततची जुळवणी व तपासणी म्हणू. कोणी बदल सुचवला की माणसाने तो वाचण्याची वाट न पाहता एक संगणक आपोआप कामाला लागतो. तो पाटी कोरी करून मूळ मजकूर घेतो, त्यात नवा बदल मिसळतो, आज्ञावली नव्याने बांधतो आणि आजवर जमवलेल्या सर्व चाचण्या एकामागून एक चालवतो. लिनक्स, विंडोज, मॅक अशा निरनिराळ्या प्रणालींवर हेच पुन्हा होते. सर्व चाचण्या पार पडल्या तर हिरवी खूण उमटते. एक जरी चुकली तरी लाल फुली. नंतर जाणकार माणसे तो बदल वाचतात आणि घ्यायचा की नाही ते ठरवतात.

दर वेळी एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर गणितात आहे. समजा, दहा जणांनी महिनाभर आपापल्या घरी काम केले आणि महिनाअखेर सर्व बदल एकत्र केले. आज्ञावली बंद पडली. दोष एखाद्या एकट्या बदलात असेल, किंवा दोन बदलांचे आपापसांत पटत नसेल. एकटे बदल १० आणि त्यांच्या जोड्या ४५, म्हणजे तपासायच्या शक्यता झाल्या ५५. तेच बदल एकेक करून मिसळले आणि प्रत्येक वेळी तपासले, तर संशयित एकच उरतो: आत्ताच मिसळलेला बदल. शिवाय तो करणाऱ्याला आपण काय केले ते अजून आठवत असते. अमेरिकेतील केंट बेक यांनी १९९० च्या दशकात पुरस्कारलेल्या कार्यपद्धतीत ही रीत होती. २००० साली मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांच्या लेखामुळे ती पुष्कळांपर्यंत पोहोचली. आज मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पांत ती नित्याची झाली आहे.

येथवर सर्वांचे एकमत होईल. माझे म्हणणे मात्र याच्या पुढचे आहे. हिरवी खूण म्हणजे 'आज्ञावली बरोबर आहे' असा निर्वाळा नव्हे. 'जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे बरोबर आली' एवढाच तिचा अर्थ. प्रश्न कोणते विचारायचे हे संगणक ठरवत नाही, माणूस ठरवतो. म्हणून चाचणी लिहिणे हे दुय्यम काम नव्हे. नवी दुरुस्ती करण्याइतकेच ते मोलाचे आहे.

एक साधे उदाहरण घ्या. दिलेले वर्ष लीप आहे की नाही हे सांगणारी आज्ञावली तुम्ही शाळेत लिहिली असेल. एखाद्याने 'चारने भाग जातो ना, मग लीप' एवढेच लिहिले. गुरुजींनी २०२४ घालून पाहिले: बरोबर. २०२३: बरोबर. २०००: तेही बरोबर. खरे तर १९०१ पासून २०९९ पर्यंत कोणतेही वर्ष घाला, उत्तर चुकणार नाही. पण १९०० घाला. चारने भाग जातो, तरी ते लीप वर्ष नव्हते. कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. दोनशे चाचण्यांनी जो दोष सापडला नसता, तो एका नेमक्या प्रश्नाने उघडा पाडला. चाचण्यांची संख्या महत्त्वाची नसते. आपलेच काम कोठे मोडेल याचा शोध घेण्याची तयारी महत्त्वाची असते.

आता एक खरी घडलेली गोष्ट. इंटरनेटवरील संदेश गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल ही मुक्तस्रोत आज्ञावली जगभर वापरात आहे. तिच्यात एक सोय होती. एक संगणक दुसऱ्याला 'जागा आहेस ना?' अशा अर्थाने एक छोटा मजकूर पाठवी, तो किती लांब आहे ते सांगे आणि तोच परत मागे. मार्च २०१२ मध्ये बाहेर पडलेल्या आवृत्तीत या ठिकाणी एक तपासणी राहून गेली होती. सांगितलेली लांबी आणि मजकुराची खरी लांबी जुळते का, हे पाहिलेच जात नव्हते. खरे बोलणाऱ्या प्रत्येकाला बरोबर उत्तर मिळे. पण कोणी लहानसा मजकूर पाठवून तो फार लांब असल्याची थाप मारली, तर समोरचा संगणक आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूर त्याच्या पदरात टाकी. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत! त्यात लोकांचे पासवर्डही असू शकत. एप्रिल २०१४ मध्ये हा दोष जाहीर झाला. 'हार्टब्लीड' या नावाने तो ओळखला जातो. मजकूर पाहता येत होता, तरी दोन वर्षे दोष राहिला. थाप मारून पाहणारी एक चाचणी तेथे असती, तर लाल फुली पहिल्याच दिवशी उमटली असती.

म्हणून पुन्हा मराठीकडे वळतो. हार्फबझच्या चाचण्यांची घडण साधी आहे. एका ओळीत फॉन्टचे नाव, अक्षरांचे क्रमांक आणि कोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने उमटाव्यात ते लिहिलेले असते. देवनागरीच्याही चाचण्या तेथे आहेत. अशी ओळ लिहायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. 'दऱ्या' कसा दिसावा हे ठाऊक असावे लागते. ते ज्ञान तुमच्यापाशी आहे; मल्याळम सुधारणाऱ्या त्या सद्गृहस्थापाशी नाही. ज्या शब्दाची चाचणी नाही, तो शब्द मोडल्याचे कोणालाही कळणार नाही. कळेल तेव्हा ती आवृत्ती असंख्य फोनांत शिरलेली असेल. आपली भाषा संगणकावर नीट दिसत नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो. तक्रारीचा परिणाम एका दुरुस्तीपुरता राहतो. तीच तक्रार चाचणी म्हणून लिहून ठेवली, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक बदलाला तिला उत्तर द्यावे लागते.

तेव्हा मुक्तस्रोत प्रकल्पात पहिले पाऊल टाकायचे असेल, तर मोठी नवी सोय करण्याच्या मागे लागू नका. आधी त्या प्रकल्पाच्या चाचण्या वाचा. तुम्हाला ठाऊक असलेला अवघड शब्द, विचित्र तारीख किंवा रिकामी यादी तेथे आहे का ते पाहा. नसेल तर तेवढी एक चाचणी लिहा, आपल्या संगणकावर चालवून पाहा आणि मग पाठवा. दुरुस्ती पाठवायची असेल, तर तिच्यासोबत अशी चाचणी द्या, की जी दुरुस्तीपूर्वी नापास होईल आणि दुरुस्तीनंतर पास होईल. तुमची दुरुस्ती खरोखर उपयोगी आहे याचा तोच पुरावा.

आणि लाल फुलीला भिऊ नका. वार्षिक परीक्षेतली फुली वर्ष सरल्यावर येते, तेव्हा फारसे काही करता येत नाही. ही फुली काही मिनिटांत येते, चूक कोठे आहे ते दाखवते आणि लगेच दुसरी संधी देते. ती अनुभवी माणसांनाही मिळते. फुली टाळण्यासाठी चाचणीच काढून टाकणे हा मात्र अप्रामाणिकपणा आहे. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखा.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. संगणकाच्या प्रात्यक्षिकात आपण विद्यार्थ्याची आज्ञावली एक-दोनदा चालवून गुण देतो. एकदा असे करून पाहा: प्रत्येकाने आपली आज्ञावली शेजाऱ्याला द्यावी आणि शेजाऱ्याने ती मोडेल अशा पाच चाचण्या लिहाव्यात. दोष शोधणाऱ्याला गुण द्यावेत आणि तो दोष दुरुस्त करणाऱ्यालाही द्यावेत. मुलांना दुसऱ्याची चूक सभ्यपणे दाखवण्याची आणि स्वतःची चूक न रागावता ऐकण्याची सवय लागेल. विज्ञानात सिद्धान्त असेच पारखले जातात. तो खोटा ठरेल असा प्रयोग शोधायचा आणि तो करून पाहायचा.

आज घरी गेल्यावर मोबाइलवर 'दऱ्या', 'तऱ्हा', 'आचाऱ्याला' हे शब्द लिहून पाहा. ते नीट दिसले, तर कोठेतरी कोणीतरी त्यांची काळजी घेतली आहे असे समजा. उद्याही ते तसेच दिसावेत यासाठी तुम्ही कोणती चाचणी लिहाल?