भाड्याचा सर्व्हर आणि जमातीची यादी



मे महिन्याच्या सुट्टीत भाचा घरी आला तो एकच मागणं घेऊन. ‘मामू, सर्व्हर भाड्याने घ्यायचाय. कार्ड तुमचं वापरू का?’ वय सतरा, बारावीत जाणारा. मुरूडची चार पोरं, मुंब्य्राची दोन आणि कुवेत-बहारीनमधली चुलतभावंडं मिळून माइनक्राफ्ट खेळतात. सगळ्यांचं जग एकच राहावं, कोणी झोपलं तरी ते चालू राहावं, यासाठी चोवीस तास जागं असणारं एक यंत्र हवं होतं. शिवाय त्याच यंत्रावर आपल्या जमातीची वेबसाइटही ठेवू, म्हणजे जमातीचा खर्च वाचेल, असं तो म्हणाला. ही दुसरी गोष्ट मला तेव्हा फार आवडली होती. आज लिहितोय ते त्याच गोष्टीमुळे.

घरचाच जुना कॉम्प्युटर चालू ठेवला तर काय, हा त्याचा पहिला विचार होता. आपल्या किनाऱ्यावर हा विचार फार टिकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या किती गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे वाचकांना सांगायला नको. वादळ नसलं तरी पावसाळ्यात विजेचं काय होतं तेही माहीत आहे. आणखी एक अडचण अशी की घरच्या इंटरनेटला बहुतेकदा बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतःचा पत्ताच नसतो. म्हणजे पोस्टमनला गल्ली ठाऊक, पण घराला नंबर नाही.

म्हणून यंत्र भाड्याने घ्यायचं. ते असतं डेटा सेंटरमध्ये. गंमत पाहा, वादळानंतर जेमतेम महिन्याभराने, जुलै २०२० मध्ये, आपल्याच जिल्ह्यात पनवेलला योट्टा कंपनीचं मोठं डेटा सेंटर सुरू झालं. सर्व्हर ठेवायची ७,२०० कपाटं मावतील एवढी त्याची क्षमता सांगितली गेली. दुहेरी वीज, जनरेटर, थंड हवा, आग विझवायची सोय. एका टोकाला आपण पत्रे शोधत होतो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला हे.

जागा कुठली निवडायची, यात पोरांचं म्हणणं बरोबर निघालं. जर्मनीतलं यंत्र स्वस्त दिसत होतं. पण काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ६५ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, तेव्हा प्रत्यक्षात शंभराच्या वर. कुवेत मुंबईपासून याच्या निम्म्याहून जवळ. इकडचे आणि आखातातले दोघेही खेळणार असतील, तर मुंबईतलं यंत्र दोघांनाही बरं.

आता ‘डेडिकेटेड सर्व्हर’ म्हणजे काय ते सांगतो. शेअर्ड होस्टिंग ही चाळीतली खोली, नळ आणि जिना सगळ्यांचा. व्हीपीएस हा इमारतीतला फ्लॅट, दार आपलं पण पाया एक. डेडिकेटेड म्हणजे स्वतंत्र बंगला. अख्खं यंत्र आपलं, शेजारी कोणी नाही, आणि वॉचमनही नाही. जाहिरातीत शेवटचे तीन शब्द नसतात. आठ-दहा पोरांच्या खेळाला बंगला लागत नाही. महिना काहीशे रुपयांचा फ्लॅट पुरतो. बंगल्याचं भाडं हजारांत जातं, त्यावर १८ टक्के जीएसटी. पण भाच्याच्या डोक्यात बंगलाच होता, आणि सवलतीत एक मिळाला. मीही ‘असू दे’ म्हटलं. चूक इथून सुरू झाली म्हणायला हरकत नाही.

करार माझ्या नावावर झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाला कायद्याने करार करता येत नाही, हे एक. दुसरं, २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी संस्थेने काढलेल्या आदेशानुसार सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, फोन तपासून घ्यावा लागतो आणि ग्राहक सोडून गेला तरी पाच वर्षं जपावा लागतो. त्या यंत्रावरून कोणी काही उद्योग केला तर पहिला फोन कोणाला येणार, हे सही करणाऱ्याने समजून घ्यावं. ‘पोरगं करतंय काहीतरी’ हे उत्तर तिथे चालत नाही.

पहिल्या रात्री भाच्याने मला नोंदवही दाखवली, म्हणजे लॉग. यंत्र सुरू होऊन तासही झाला नव्हता. पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत होती : रूट या नावाने चुकीचा पासवर्ड, ॲडमिन या नावाने चुकीचा पासवर्ड, टेस्ट या नावाने चुकीचा पासवर्ड. आपण कोण, कुठले, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. जगभरात यंत्रं दिवसरात्र प्रत्येक पत्त्याचं दार ढकलून पाहत असतात. मी घाबरलो, तो हसला. पासवर्डने आत शिरायची वाट त्याने आधीच बंद केली होती. त्याऐवजी किल्ली म्हणून एक फाइल असते, ती ज्याच्या कॉम्प्युटरवर आहे त्यालाच दार उघडतं. फायरवॉलने दोन-तीन सोडून बाकी दारं लावून घेतली होती. सातत्याने दार ठोठावणाऱ्याला काही काळ हाकलून देणारा फेलटूबॅन नावाचा प्रोग्रॅम बसवला होता. अपडेट आपोआप होतील अशी सोयही केली होती.

या अपडेटचं महत्त्व याच खेळाने जगाला शिकवलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या, जगभरातल्या असंख्य प्रोग्रॅममध्ये वापरल्या जाणाऱ्या एका भागात छिद्र सापडलं, आणि त्याचा बोभाटा सगळ्यात आधी माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर झाला. खेळाच्या गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टाइप केली की समोरच्या यंत्राकडून हवं ते करून घेता यायचं. ज्यांनी दुरुस्ती लगेच चढवली ते वाचले.

इतकं सगळं करून आमच्याकडे चोर शिरला. कसा, ते सांगण्यासाठी जंजिऱ्याला जावं लागेल.

राजापुरीच्या धक्क्यावरून होडीने जाताना दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. त्या किल्ल्यावर किती तोफा डागल्या गेल्या, पण तो लढून कोणाला मिळाला नाही. मात्र त्याच्या आधी त्याच बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, तो कसा गेला याची एक कहाणी आपल्याकडे सांगतात. पिरमखान व्यापारी बनून आला, आपला माल रात्रीपुरता आत ठेवू द्या म्हणाला, आणि पेट्यांतून माणसं बाहेर पडली. दार फोडलं नाही कोणी. आतल्यांनीच उघडलं.

आमची पेटी म्हणजे एक प्लगइन. खेळात नव्या गोष्टी आणणारा, मुळात पैसे देऊन घ्यायचा असलेला तुकडा एका मुलाने कुठूनतरी ‘फुकट’ मिळवला. चोरीचा माल वापरणं आपल्याला जायज नाही, ही गोष्ट वेगळीच. इथे मालात माणूसही बसलेला होता. भाच्याची दुसरी चूक अशी की खेळ त्याने ‘रूट’च्या नावाने चालवला होता. रूट म्हणजे घरमालक. खेळासाठी वेगळा, कमी अधिकाराचा वापरकर्ता करायचा असतो, म्हणजे खेळात कोणी शिरलं तरी एका खोलीपुरतं राहतं. इथे पाहुण्याला थेट तिजोरीच्या चाव्या मिळाल्या.

कळलं तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. भाड्याने देणाऱ्यांचा मेल आला : तुमच्या यंत्रावरून दुसऱ्यांवर हल्ले होत आहेत, चोवीस तासांत थांबवा, नाहीतर बंद करू. भाचा फजरपर्यंत जागा होता. एकदा रूट हातातून गेल्यावर झाडझूड करून उपयोग नसतो, सगळं पुसून नव्याने बसवावं लागतं, किल्ल्या आणि पासवर्ड सगळे बदलावे लागतात. ते त्याने केलं. सर्ट-इनला मेलने कळवलं. (पैशाची फसवणूक झाली असती तर १९३० हा फोन नंबर होता. तो घरात भिंतीवर लिहून ठेवावा.)

अशी पकडलेली यंत्रं कशाला वापरतात, याची एक गोष्ट मला वाचकांना मुद्दाम सांगायची आहे, कारण तिचा संबंध सर्व्हर न घेणाऱ्या घरांशीही आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर पकडले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. लोकांना वाटलं, कुठल्यातरी देशाचं काम. मिराई बनवणारे मात्र निघाले तीन अमेरिकन तरुण. त्याचा कोड त्यांनी उघड्यावर टाकला आणि पुढे इतरांनीही तो वापरला. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केल्याचं जाहीर झालं. सुरुवात कशातून? माइनक्राफ्टचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या धंद्यातल्या चढाओढीतून. दुसऱ्याचा सर्व्हर पाडला की त्याची गिऱ्हाइकं आपल्याकडे.

आणि ती यंत्रं कशी पकडली? कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. साठेक जोड्यांची यादी, ॲडमिन-ॲडमिन वगैरे, बस. आता आपल्या गावांत फिरून पाहा. मालक दुबईत, घराला कुलूप, आणि ओट्यावर कॅमेरा. मालक तिकडून मोबाइलवर नारळीची बाग पाहतो. कॅमेरा बसवणारा अलिबागहून आला, जोडून गेला, पासवर्ड तोच. घर राखायला ठेवलेला हा राखणदार रात्री कोणासाठी काम करतो, हे मालकाला कळायची सोय नाही. हे वाचून झाल्यावर एवढं तरी करा, आखातातल्या आपल्या माणसाला फोन करून तो पासवर्ड बदलायला सांगा.

बॅकअपचं थोडक्यात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली. रस्ट नावाच्या खेळाच्या युरोपातल्या २५ सर्व्हरवरचं सगळं गेलं, परत मिळालं नाही. ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती त्यांचंही तेच झालं. आमची पोरं मात्र इथे पास झाली. त्यांच्या जगाची प्रत दर जुम्म्याला मुंब्य्राच्या एका मुलाच्या हार्ड डिस्कवर जात होती, आणि ती परत उघडते का, हेही त्याने एकदा करून पाहिलं होतं. प्लगइनच्या आधीची प्रत निघाली. चौथ्या दिवशी खेळ पुन्हा सुरू.

जमातीचं तसं नव्हतं.

वेबसाइटवर नमाजच्या वेळा, निकाहच्या जाहिराती, मदरशाच्या बांधकामाचे फोटो, यात लपवण्यासारखं काही नाही. पण सेक्रेटरींनी सोयीसाठी त्याच यंत्रावर एक फाइल ठेवली होती. रमजानमध्ये झकातीतून कोणाकोणाला मदत दिली त्याची यादी. नाव, घर, फोन, कारण. त्यात बेवा बायका होत्या, नोकरी जाऊन कुवेतहून परतलेले दोघे होते, मुलीच्या ऑपरेशनसाठी कोणाला न सांगता आलेला एक बाप होता. फाइल बाहेरच्याला दिसत नव्हती, पण रूटला सगळंच दिसतं. पंधरा दिवस दुसरा कोणीतरी रूट होता. त्याने ती उघडली की नाही, नेली की नाही, सांगता येत नाही. नोंदवही त्याने पुसली होती.

झकात देताना घेणाऱ्याची अब्रू झाकायची, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. इथे ती अब्रू आम्ही खेळाच्या यंत्रावर ठेवली, सहाशे रुपये वाचवायला. भाच्याला कोणी रागावलं नाही. फाइल त्याने ठेवली नव्हती, ती तिथे आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण खेळ आणि जमात एकाच छपराखाली ठेवायला मी ‘हो’ म्हटलं होतं.

इशानंतर बैठक झाली. काहींचं म्हणणं पडलं की नेली असेलच असं नाही, मग उगाच लोकांना का सांगायचं. सदरसाहेब म्हणाले, ज्यांची अमानत त्यांना कळायला पाहिजे, नाहीतर उद्या त्यांच्या फोनवर ‘जमातीकडून बोलतोय, मदत मंजूर झाली, ओटीपी द्या’ असा फोन आला तर त्या बायका देऊन बसतील. हे पटलं. फोनवर नाही, घरी जाऊन सांगायचं, आणि गर्दी करून नाही, असं ठरलं. बायकांच्या घरी सदरसाहेबांच्या बेगम गेल्या.

जमातीची वेबसाइट आता वेगळ्या, साध्या शेअर्ड होस्टिंगवर आहे, त्यावर नमाजच्या वेळा आणि निकाहच्या जाहिराती. यादी सेक्रेटरींच्या कपाटात, वहीत. बंगला सोडून दिला, पोरांनी फ्लॅट घेतला, तोही माझ्याच नावावर. आत येणाऱ्यांची नावं आधीच लिहून ठेवायची ‘व्हाइटलिस्ट’ चालू केली आहे, आणि नवं प्लगइन टाकायचं तर आधी मला विचारायचं असं ठरलं आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तो विचारतो, ‘मामू, हे मूळ साइटवरून घेतलंय, टाकू का?’ मी म्हणतो, पुन्हा एकदा बघ. तो बघतो.

दोन घरं अजून राहिली आहेत. एक कुटुंब पनवेलला मुलाकडे गेलंय, आणि तो ऑपरेशनवाला बाप दुपारी घरी सापडत नाही.