‘कृपासदना’चा अर्थ

१८८३ साली इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी फुलहॅम येथे ‘पतित’ स्त्रियांचा सांभाळ करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे कार्य पाहिले. समाजाने झिडकारलेल्यांवर ही माया का, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. पाप्याचे तारण स्वतःच्या पुण्याईने नव्हे, ईश्वरी कृपेने होते, ही ती श्रद्धा. पुढे केडगावी रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभारले.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी खेड्यांत काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, पुरुषाची चूक लोक विसरतात. स्त्रीला मात्र जन्मभर बोल लावतात. देवाला क्षमाशील म्हणावयाचे आणि आपले दार लावून घ्यावयाचे, ही विसंगती कोणत्याही धर्माला शोभणारी नाही.