छपाई भिंतीची

दिवाळीच्या तोंडावर दोन छपाया जोरात असतात. एक आपल्या हाती आहे ती, अंकाची. आणि दुसरी भिंतीची. ही दुसरी पुण्या-मुंबईच्या वाचकाला चटकन कळायची नाही. आमच्या भंडाऱ्याकडचा मिस्त्री गिलाव्याला छपाई म्हणतो. 1956 सालापर्यंत हा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर आणि शेजार हिंदीचा. राज्य बदलले, जुडाई, छपाई, पुताई मात्र इथेच राहिल्या. आमचे काही भाषाशुद्धीचे कैवारी या छपाईला नाक मुरडतात व ‘गिलावा म्हणा’ असे बजावतात. पण गिलावा तरी कुठला? फारसीत गिल म्हणजे चिखल आणि आब म्हणजे पाणी! सोवळेच पाळायचे तर सारवणावर थांबावे लागेल.

शब्द कोठून आला यापेक्षा तो काय सांगतो, याचे मला अगत्य आहे. संस्कृतात अमृतही सुधा आणि चुनाही सुधाच. सुधेने लिंपलेला वाडा तो सौध. कारागिराने या चुन्याला पायरीपायरीने नावे दिली. भाजलेल्या चुनखडीचा खडा ती कळी. पाण्यात टाकताच ती चरचरते, उकळते, हे विरवणे. वाळू मिसळून बैलाच्या घाणीत मळला की तो गिलाव्याचा चुना, आणि गाळून लोण्यासारखा मऊ केला की शेवटच्या थराचा नीरू. भिंतीवर बसला की हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा दगड होतो. लुकण निराळे. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेले, लाकडाच्या भेगांसाठी आणि खिडकीच्या काचांसाठी. आज दोघांच्याही जागी ‘पुट्टी’ हा एकच शब्द आला आहे, आणि दुकानात पुट्टी मागितली की बहुधा पांढऱ्या सिमेंटची पिशवी पुढे येते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी शहरात शिरले. माझ्या ओळखीच्या एका घराच्या जुन्या भिंती मातीच्या, वर चुन्याचा हात. पाणी ओसरल्यावर मालकांनी हौसेने सिमेंटची छपाई केली, वर पुट्टी, त्यावर प्लॅस्टिक पेंट. भिंत आरशासारखी दिसू लागली. दुसऱ्या दिवाळीला हातहात पोपडे सुटले आणि खाली पांढरी बुरशीसारखी पूड. ती बुरशी नव्हे, लोणा. एक म्हातारे मिस्त्री बोटाने ती खरवडून मला म्हणाले, “सर, भिंत आतून ओली हाय. तिले कोंडून टाकली, तं ते फुटनच.”

लोणा म्हणजे लवणच. ओलीबरोबर भिंतीतले क्षार बाहेरच्या अंगाला येतात, पाणी उडून जाते आणि मीठ राहते. चुन्यातून ती ओल सुकते. सिमेंट व प्लॅस्टिकचा रंग तिची वाट अडवतात. रोगाचे निदान त्या दोन अक्षरी शब्दातच होते. रंगाच्या दुकानातले गुळगुळीत पुस्तक मी चाळून पाहिले. मोत्यासारखा पांढरा, सायीसारखा पांढरा, हस्तिदंतासारखा पांढरा, सगळे आहेत; भिंत मातीची की विटेची, हे मात्र कोणी विचारीत नाही. जुन्या शब्दांना ते आधी विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. म्हणून जुन्या घराला रंग काढणाऱ्यांनी हे चार शब्द उच्चारून पाहावेत. ते ऐकून मिस्त्री गोंधळला, तर दुसरा पाहावा.

त्या घरची सिमेंटची छपाई यंदा खरवडून काढली. उन्हाळाभर भिंती उघड्या सुकू दिल्या, कटनीचा चुना आणून विरवला. पहिला हात झाला आहे. दुसऱ्यात नीळ किती घालायची, यावर मालकीणबाई आणि मिस्त्री यांचे अजून एकमत झालेले नाही.