स्वागतशील चर्च : आक्षेप आणि उत्तरे

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांनी, म्हणजेच एकेका चर्चभोवती संघटित झालेल्या श्रद्धावंतांच्या समुदायांनी, परिसरातील लोकांसाठी आपली दारे अधिक मोकळी करावीत आणि गावाच्या सुखदुःखात वाटेकरी व्हावे, या विचाराला आज खुद्द मंडळ्यांमधूनच विरोध होताना दिसतो. हा विरोध पुष्कळदा श्रद्धेच्या काळजीपोटी होत असल्याने त्याची उपेक्षा करणे योग्य नाही. त्यामागील तीन प्रमुख आक्षेपांचा क्रमाने परामर्श घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, चर्चचे काम उपासनेचे असून पाणी, जमीन, रोजगार यांसारख्या प्रश्नांत ते गुंतले, तर त्याचे रूपांतर एखाद्या सामाजिक संस्थेत होईल. या आक्षेपात उपासना आणि लोकजीवन यांची जी फारकत गृहीत धरलेली आहे, तिला शास्त्राचा आधार मिळत नाही. नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या श्रीमंताला मानाची जागा देणाऱ्या आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभे ठेवणाऱ्या सभेची कडक शब्दांत कानउघाडणी केलेली आहे. म्हणजे उपासनेत कोण कोठे बसतो, हा प्रश्न तेथे थेट श्रद्धेचाच मानलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली आधुनिक जगातील चर्चविषयीच्या आपल्या दस्तऐवजात माणसांचे, विशेषतः गरिबांचे, सुखदुःख हे ख्रिस्ताच्या अनुयायांचेही सुखदुःख आहे, अशी भूमिका घेतली. वसईत या भूमिकेला प्रत्यक्ष रूप आले. टँकरद्वारे होणारा भूजलाचा बेसुमार उपसा आणि शहरीकरणाचे आक्रमण यांमुळे तेथील विहिरी व बागायती धोक्यात आल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले आणि त्यात विविध धर्मांचे वसईकर सहभागी झाले. पुढे सुबोध बायबलचे लेखक आणि २०२० च्या धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, त्या दिब्रिटोंचे धर्मगुरूपण या आंदोलनाने उणावले नाही. उलट ते अधिक अर्थपूर्ण झाले.

दुसरा आक्षेप स्वतःच्या ओळखीविषयीचा आहे. भोवतालच्या समाजाशी जवळीक साधताना त्याचे आचार, संगीत आणि भाषा स्वीकारली की ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण पुसले जाईल, अशी भीती त्यात व्यक्त होते. इतिहास मात्र नेमके याच्या उलट सांगतो. अहमदनगरच्या परिसरात कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा घडवली. चर्चची पायरी न चढणारा श्रोता वाद्यांच्या साथीने गावात रंगणारे कीर्तन ऐकायला येऊन बसत असे आणि कथा मात्र येशूचीच ऐकत असे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची जी गीते रचली, त्यांतील कितीतरी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही चर्चमध्ये गायिली जातात. त्यांनी १९१७ च्या सुमारास मिशनच्या चौकटीबाहेर पडून ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी एकत्र येतील असा हा बंधुसंघ होता आणि त्यामागे टिळकांची ख्रिस्तनिष्ठा तसूभरही कमी झालेली नव्हती. ज्या मंडळीची श्रद्धा खोलवर रुजलेली आहे, तिला शेजाऱ्याच्या भाषेत बोलल्याने आपले स्वत्व हरवण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा असून तो सर्वांत गंभीर आहे. चर्चने केलेल्या प्रत्येक मदतीकडे धर्मांतराच्या संशयाने पाहिले जात असताना आपल्या आवाराबाहेर न पडणेच शहाणपणाचे, असे अनेक पाळकांना वाटते. या संशयाला इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेले आणि नंतर पुण्यास हलवलेले शारदा सदन विधवांच्या शिक्षणासाठी होते व तेथे धर्मप्रसार होणार नाही, असा भरवसा लोकांना होता; परंतु मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्यावरून १८९३ साली वाद पेटला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या हेतूविषयी किंवा मुलींच्या स्वातंत्र्याविषयी कोणतीही भूमिका घेतली, तरी संस्थेचा उद्देश आणि तेथील व्यवहार यांत लोकांना अंतर दिसू लागले की विश्वास ढासळतो, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. मात्र त्यावर दार बंद करणे हा उपाय ठरत नाही, कारण बंद दाराआड संशय अधिकच पोसला जातो. मदत बिनशर्त असणे, तिचा हिशेब उघड असणे आणि आपली श्रद्धा न लपवणे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाळणे हेच त्यावरचे खरे उत्तर आहे.

आक्षेपांचे असे निराकरण झाल्यावर मंडनाचा मुद्दा उरतो. शाळा आणि दवाखाने चालवणे म्हणजेच समाजाशी नाते जोडणे, अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु त्या नात्यात एक देणारा आणि दुसरा घेणारा राहतो, तर स्वागत म्हणजे येणाऱ्याला बसण्याच्या, बोलण्याच्या आणि निर्णयाच्या जागेत वाटा देणे होय. या कसोटीची सुरुवात घरातूनच करावी लागेल. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती लोकांवर चर्चमध्येही अन्याय होत असल्याची कबुली आपल्या धोरणात दिली. ज्या मंडळीत जातीवरून सोयरीक आणि पदे ठरतात, तिने परिसराला दिलेले आमंत्रण पोकळच ठरेल. म्हणून मंडळीच्या कमिटीत दलित, स्त्रिया आणि तरुण यांना मताधिकारासह स्थान देणे, स्थलांतरित मजुरांच्या भाषेतही उपासना ठेवणे, पायऱ्यांच्या जोडीला उतार बांधणे आणि आवारातील सभागृह वस्तीतील अभ्यासिकेसाठी किंवा पाणीप्रश्नाच्या बैठकीसाठी खुले करणे, ही कामे उपासनेइतक्याच गांभीर्याने हाती घ्यावी लागतील. प्रभुभोजनासारख्या संस्कारांविषयीचे नियम प्रत्येक संप्रदायाने आपल्या श्रद्धेनुसार पाळावेत. त्यामुळे या कामांत कोणतीही अडचण येत नाही.

शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा ख्रिस्ताने देवप्रीतीच्या आज्ञेला जोडून दिलेली आहे. त्यामुळे स्वागतशील होणे ही मंडळीने वेळ उरल्यास करावयाची गोष्ट ठरत नाही. ती आपण कोणाचे अनुयायी आहोत, याची मंडळीने रोज द्यावयाची साक्ष आहे.