कुणी न मागितलेला कावळा

उर्दूत दोन शब्द आहेत, शौक आणि पेशा. ज्याचा शौक हाच पेशा झाला तो माणूस नशीबवान, असे आपण सहज म्हणून टाकतो. चित्र काढायला आवडते आणि चित्र काढण्याचेच पैसे मिळतात, मग आणखी काय हवे? पण पेशा झाल्यावर त्या शौकाचे पुढे काय होते, हे कुणी विचारीत नाही. हलवाई घरी मिठाई खात नाही म्हणतात, तसेच बहुधा होते.

आर. के. लक्ष्मण मात्र घरीही मिठाई खात राहिले.

लक्ष्मण म्हटले की चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला, तोंडातून अवाक्षर न काढणारा 'कॉमन मॅन' डोळ्यांपुढे येतो. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'यू सेड इट' ही त्यांची छोटी चौकट 1951 साली सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षे लोक वर्तमानपत्र उघडल्यावर आधी तीच पाहत. हे काम किती कठीण असेल, याचा अंदाज करून पाहा. सकाळी सगळी वर्तमानपत्रे वाचायची, त्यातून एक कल्पना शोधायची आणि छापखान्याची वेळ गाठून चित्र हातावेगळे करायचे. आज सुचले नाही, असे म्हणायची सोय नाही. शिवाय विषय आपला नाही, कारण तो बातमी ठरवणार. मंत्री कुठे काय बोलले, भाव कशाचे वाढले, रस्त्यात खड्डा कुठे पडला, त्याप्रमाणे कुंचला चालवायचा. याखेरीज जाहिरातीचेही काम असे. हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला एशियन पेंट्सचा 'गट्टू' त्यांनी 1954 मध्ये काढला. भाऊ आर. के. नारायण यांच्या कथांसाठी चित्रे तर ते कॉलेजात असल्यापासून काढीत होते. त्या कथांवरची 'मालगुडी डेज' ही दूरदर्शनवरची मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना त्यातली लक्ष्मण यांची रेखाचित्रे आठवत असतील.

एवढे सगळे काढून झाल्यावर हा माणूस स्वतःसाठी काय काढीत असे? तर कावळे.

बसलेले कावळे, भांडणारे, भिजलेले, एका पायावर तोल सांभाळणारे, तारेवर ओळीने बसून कसला तरी निवाडा करणारे. ही ओढ म्हैसूरला लहानपणीच लागली होती. वडील हेडमास्तर आणि हे घरातले शेंडेफळ. घराच्या जमिनी, भिंती, दारे काही सोडले नाही. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की खोलीच्या खिडकीतून दिसेल ते ते काढीत असत. वाळक्या काटक्या, पाने, सरपटणारे सरड्यासारखे जीव, लाकडे फोडणारा नोकर आणि समोरच्या छपरांवरचे कावळे. कावळाच का, याचे त्यांनी दिलेले कारण अगदी चित्रकाराचे आहे. भोवती हिरवी झाडे, वर निळे आकाश, खाली लाल माती आणि या सगळ्यात ठसठशीत काळा असा तोच एक. बाकीचे पक्षी रंगात रंग मिसळून लपतात. कावळा लपत नाही, कारण स्वतःला सांभाळण्याइतका तो हुशार आहे.

काही लोक या कावळ्यांत पुढारी शोधतात. मला ते पटत नाही. पुढारी काढायला त्यांच्याकडे रोजची चौकट होती. तिथे पोटभर काढून झाल्यावर पुन्हा पिसे लावून तेच कशाला काढतील? मला तर वाटते, ज्याला कसलेही मत नाही, ज्याच्याबद्दल उद्या कुणाचे पत्र येणार नाही, असे काहीतरी त्यांना डोळे भरून पाहायचे होते.

आणि कावळा पाहण्यासारखा असतोच. आपण त्याला काळा म्हणतो आणि हाकलून देतो. नीट पाहिले तर त्याची मान राखाडी असते. अंगभर काळा आणि चोचीने दणकट असतो तो डोमकावळा, हा वेगळा. उन्हात आला की पंखांवर निळी-जांभळी झाक उठते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून एखादी वस्तू न्याहाळायची झाली की तो मान तिरकी करतो, आणि आपल्याला वाटते, लबाड काहीतरी हिशेब करतोय. चालतो तेव्हा ऐटीत, आणि घाई झाली की तिरक्या उड्या. हे सगळे नुसत्या शाईने आणि कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत आणायचे, तर आधी किती वेळा पाहावे लागले असेल!

मॅट्रिकनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला, अंगी पुरेसे गुण नाहीत असे कळवून. पुढे त्यांनी म्हैसूर विद्यापीठातून बी. ए. केले. कुणी शिकवण्याआधी ते काढीत होते आणि कुणी नाकारल्यावरही काढीत राहिले. शाळेत मात्र एका शिक्षकांनी त्यांनी काढलेल्या पिंपळाच्या पानाची तारीफ केली होती, आणि आपण चित्रकार होणार असे तेव्हापासून त्यांना वाटू लागले. (वर्ग सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून बरे वाटते, आणि धाकही वाटतो.)

हे सगळे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला सांगितले. ती आता लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढते. घरूनच काम, टॅबलेटवर. काम भरपूर आहे, पण ससा काढला की निरोप येतो, कान मोठे करा. कान मोठे केले की येतो, रंग जरा खुलवा. तिसऱ्या खेपेला निरोप येतो, पहिलाच बरा होता. गेल्या सुट्टीत भेटली तेव्हा म्हणाली, "टीचर, आता पेन हातात धरावासा वाटत नाही. सोडून द्यावं म्हणते."

तिच्याजवळ एक जाडी वही होती, फार दिवस न उघडलेली. आत शेजारच्यांच्या शेळ्या, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, रिक्षात पाय वर करून झोपलेला रिक्षावाला, अम्मीचे शिवणयंत्र. त्या ससाच्या चित्रांहून ही कितीतरी जिवंत. वही बंद का पडली, तर अम्मी रोज विचारायच्या, "रात्रीचा दिवा जाळून काढतेस, याचे किती मिळणार?"

अम्मींचा प्रश्न वाईट नाही. ज्यांनी कपडे शिवून घर चालवले, त्या एकेका टाक्याचा हिशेब करणारच. म्हणून त्यांना उत्तर देताना, यातून पुढे फायदा होईल, असे मी म्हणाले नाही. लक्ष्मण यांच्या कावळ्यांची प्रदर्शने भरली, ती चित्रे विकलीही गेली, हे खरे. पण कावळा काढा, असे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि चोच जरा लहान करा, असेही नाही. मी अम्मींना फक्त खुशखतीची आठवण दिली. जुने खुशनवीस एकच हर्फ गिरवून गिरवून अख्खा कागद काळा करीत. त्याला सियाह मश्क म्हणतात. त्या कागदावर वाचण्याजोगा मजकूर बहुधा नसतो. हात आणि नजर जिवंत ठेवण्यासाठी ते लिहिणे असे. आज असे कागद संग्रहालयांत जपून ठेवले आहेत, पण मुळात तो सराव होता.

अम्मी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या तस्बीहच्या वेळेला कुणी मजुरी मागत नाही, तसं." मी एवढ्या दूरची तुलना केली नसती, पण त्यांना कळले ते असे कळले.

मुलीला मात्र एक गोष्ट मी बजावली. वहीतले चित्र काढले रे काढले की फोनवर टाकायचे नाही. किती जणांनी पाहिले, किती अंगठे आले, हे मोजायला लागलीस की तेही गिऱ्हाईकच झाले. तेही सांगणार, शेळी नको, मांजर काढ, मांजर जास्त चालते. तिने हसून मान डोलावली. पाळते की नाही, ठाऊक नाही.

आता रोज रात्रीची कामे आटोपल्यावर पंधरा मिनिटे वहीची, असे तिने ठरवले आहे. काम सोडलेले नाही. सशाचे कान अजून बदलत असतात. अम्मी अजूनही किती मिळणार विचारतात, पण परवा त्यांनीच तिला हाक मारली म्हणे, "ये बघ, टाकीवर दोन कावळे भांडतायत, लवकर ये, उडून जातील."